सोसायटीच्या गेटपासून लिफ्टपर्यंत: आतल्या रस्त्याचे आणि पायवाटेचे नियम सोप्या भाषेत

14 मे 2025 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की धड चालता येईल असा, अपंगांनाही वापरता येईल असा फूटपाथ मिळणं हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. बातमी सगळीकडे आली, चर्चाही झाली, पण ती सगळी बाहेरच्या रस्त्यांबद्दल. आपल्या रोजच्या चालण्यातला बराच भाग सोसायटीच्या आत होतो, घरातल्या आजी-आजोबांचा आणि लहान मुलांचा तर जवळजवळ सगळाच, आणि तिथे चालायची जागा कुठली, रॅम्प किती चढाचा, गाडी कुठून वळणार, याला काही नियम असतात हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. फ्लॅट घेताना आपण किचन ओटा मोजतो, पार्किंग मोजतो, पण गेटपासून लिफ्टपर्यंतची वाट कुणी मोजत नाही. या लेखात तीच मोजूया.

ड्राइव्हवे आणि वॉकवे म्हणजे काय

सार्वजनिक रस्ता सोडून गाडी तुमच्या आवारात शिरते आणि पार्किंगपर्यंत जाते, त्या खासगी वाटेला ड्राइव्हवे म्हणतात. गेट, आतला रस्ता, बेसमेंटचा रॅम्प हे सगळं त्यात आलं. माणसं पायी चालतात ती वाट म्हणजे वॉकवे, साध्या भाषेत पायवाट. आणि तिसरी गोष्ट म्हणजे चढाचा आकडा, तो नीट समजून घ्या कारण पुढे सारखा लागणार आहे. "1 ला 12" असं लिहिलेलं दिसतं तेव्हा अर्थ इतकाच की 12 फूट पुढे गेलं की 1 फूट वर चढायचं. दुसरा आकडा जितका मोठा तितका चढ सोपा. 1 ला 4 म्हणजे अंगावर येणारा चढ, 1 ला 12 म्हणजे व्हीलचेअर चढवता येईल असा, आणि 1 ला 50 म्हणजे डोळ्याला सपाटच दिसतं फक्त पावसाचं पाणी वाहून जातं.

नियम आहेत तरी कुठे

एकाच पुस्तकात नाहीत, म्हणून गोंधळ होतो. मुंबई महापालिकेच्या हद्दीत विकास नियंत्रण नियमावली 2034 लागते. उरलेल्या बहुतेक महाराष्ट्राला डिसेंबर 2020 मध्ये आलेली एकत्रीकृत नियमावली लागते, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. त्याच्या मागे राष्ट्रीय इमारत संहिता 2016 आहे, जिच्यातून आगीच्या सुरक्षेचे बरेचसे आकडे येतात. रस्ते आणि फूटपाथचे मापदंड इंडियन रोड्स काँग्रेस ठरवते. आणि अपंगांसाठी सोयी कशा असाव्यात याची केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं 2021 मध्ये सुधारून आली.

यातलं यूडीसीपीआर घ्या. मोठ्या लेआउटमध्ये आतला रस्ता किती रुंद हवा हे त्याच्या लांबीवर ठरतं: 150 मीटरपर्यंत 9 मीटर, 300 पर्यंत 12 मीटर, त्याहून लांब असेल तर 15. आणि आतल्या रस्त्यापासून इमारतीच्या दारापर्यंतच्या पायवाटेलाही माप आहे. ती वाट 20 मीटरपर्यंत असेल तर किमान 2 मीटर रुंद, 30 पर्यंत 3 मीटर आणि 40 पर्यंत साडेचार मीटर, आणि ती फरसबंद हवी. म्हणजे कुंडीच्या कडेने एकेकट्याने जायची अर्ध्या मीटरची फट ही पायवाट नाही.

चढ: इथेच सगळ्यात जास्त फसवणूक होते

स्टिल्ट पार्किंगमधून लिफ्टच्या लॉबीत जाताना साधारण तीन पायऱ्या असतात. प्रत्येक 15 सेंटीमीटर धरली तर 45 सेंटीमीटर उंची झाली. व्हीलचेअरसाठी 1 ला 12 च्या हिशोबाने या तीन पायऱ्यांना 5.4 मीटर लांब रॅम्प लागतो, म्हणजे जवळजवळ 18 फूट. आता तुमच्या लॉबीसमोर जाऊन बघा. बहुतेक ठिकाणी रॅम्प असतो सहा फुटांचा. नकाशात "रॅम्प" असं लिहिलेलं असतं, फोटोत स्टीलचा कठडा चमकत असतो, पण तो चढ पडतो 1 ला 4. त्यावरून व्हीलचेअर एकट्याने चढवणं शक्य नाही, ढकलणाऱ्याचे हात भरून येतात, आणि उतरताना तर ती हातातून सुटायची भीती असते. बाबागाडीचं तेच, वॉकर घेऊन चालणाऱ्या आजोबांचं तेच, गॅस सिलिंडर आणणाऱ्या माणसाचंही तेच.

हे तपासायला इंजिनिअर लागत नाही. एक मीटर लांबीची सरळ पट्टी घ्या, वरचं टोक रॅम्पवर टेकवा, खालचं टोक उचलून पट्टी आडवी सपाट करा (फोनमध्ये लेव्हल दाखवणारं अॅप असतं, ते पट्टीवर ठेवा) आणि खालच्या टोकाखाली रॅम्पपर्यंत किती अंतर आहे ते टेपने मोजा. आठ सेंटीमीटरच्या आसपास असेल तर रॅम्प 1 ला 12 आहे. वीस-पंचवीस आलं तर तो रॅम्प फक्त नावाला आहे.

चढ बरोबर असूनही काही गोष्टी राहून जातात. वर आणि खाली व्हीलचेअर थांबून वळेल इतकी, साधारण दीड मीटरची सपाट जागा हवी. दार रॅम्पच्या बाजूला उघडत असेल तर ही जागा आणखी महत्त्वाची, कारण एका हाताने चाक धरून दुसऱ्या हाताने दार ओढायचं म्हणजे खुर्ची मागे घरंगळते. दोन्ही बाजूंना धरायला कठडे हवेत. आणि पृष्ठभाग खरखरीत हवा, ग्रॅनाइट पॉलिश केलेला नको. जुलैमध्ये ओल्या छत्र्यांचं पाणी लॉबीत सांडतं तेव्हा चकचकीत रॅम्पवरून चांगला धडधाकट माणूसही घसरतो.

गाड्यांच्या रॅम्पला वेगळे आकडे आहेत. एकेरी असेल तर किमान 3 मीटर रुंद, दुहेरी असेल तर 6 मीटर, आणि चढ साधारण 1 ला 8 ते 1 ला 10 च्या दरम्यान, वळणावर त्याहून सोपा. हिशोब करा: बेसमेंट 3 मीटर खाली असेल तर 1 ला 10 ने 30 मीटर रॅम्प लागतो. प्लॉट लहान असला की बिल्डरला ही लांबी परवडत नाही आणि मग चढ उभा होत जातो. अशा उभ्या रॅम्पच्या सुरुवातीला आणि शेवटी चढ हळूहळू बदलणारा टप्पा ठेवला नाही तर गाडीचं पोट किंवा पुढचा बंपर घासतो. तुमच्या रॅम्पच्या तोंडाशी काँक्रीटवर ओरखड्यांच्या रेघा दिसत असतील तर कारण हेच.

गेटवर फूटपाथ का तुटतो

या विषयात मला सगळ्यात जास्त लागणारी गोष्ट ही. पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर कुठेही जा, फूटपाथवरून चालायला लागलं की दर पन्नास पावलांवर तो खाली उतरतो, एका सोसायटीचं गेट येतं, मग पुन्हा वर चढतो. वर, खाली, वर, खाली. गुडघे दुखणारा माणूस वैतागून सरळ रस्त्यावरून चालायला लागतो, आणि आपण त्यालाच म्हणतो की फूटपाथ असून वापरत नाही.

इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं याच्या बरोबर उलटं सांगतात. फूटपाथची पातळी गेटसमोरही तशीच सलग ठेवायची, आणि गाडीने चढून, फूटपाथ ओलांडून, आत जायचं. म्हणजे पातळी बदलायची तर ती गाडीची, चालणाऱ्याची नाही. कर्बची, म्हणजे फूटपाथच्या कडेच्या दगडाची, उंची जास्तीत जास्त 15 सेंटीमीटर असते, गाडी तेवढा छोटा उतार हळू वेगात सहज चढते, आणि चढताना वेग आपोआप कमी होतो हा फायदा वेगळाच. गाडीचा तो छोटा उतार फूटपाथच्या रस्त्याकडच्या कडेला, जिथे झाडं आणि दिव्यांचे खांब असतात त्या पट्ट्यात बसवायचा. चालायचा पट्टा किमान 1.8 मीटर रुंद आणि डोक्यावर 2.2 मीटर मोकळा ठेवायचा.

आता एखादं गेट जवळून बघा. गेट बाहेरच्या बाजूला उघडतं, म्हणजे उघडलं की फूटपाथ बंद. वॉचमनची खुर्ची फूटपाथवर, कारण केबिनमध्ये उकडतं. ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण दोन इंच वर आलेलं. सोसायटीच्या नावाचा दगड कोपऱ्यात पुढे आलेला, त्यामुळे बाहेर पडणाऱ्या गाडीला डावीकडून येणारं माणूस दिसत नाही. आणि गाडी आत घेताना घासते म्हणून कुणीतरी फूटपाथच्या कडेला सिमेंटचा गोळा थापून घरगुती रॅम्प केलेला, जो गटाराचं तोंड बुजवतो आणि पहिल्या मोठ्या पावसात रस्ता तुंबतो. यातली एकही गोष्ट कुणी वाईट हेतूने केलेली नाही, पण या सगळ्या मिळून त्या तुकड्यावर चालणाऱ्याला जागाच उरत नाही. फूटपाथ महापालिकेचा आहे, त्यामुळे तो फोडायला किंवा त्यावर उतार करायला परवानगी लागते, हेही बऱ्याच कमिट्यांना ठाऊक नसतं.

बंबाची वाट

लेआउटच्या रस्त्याची रुंदी लांबीवर ठरते, पण इमारतीभोवतीच्या वाटेची रुंदी मुळात आगीच्या बंबासाठी ठरते. राष्ट्रीय इमारत संहितेत 15 मीटर किंवा त्याहून उंच इमारत हाय-राइज समजतात. अशा इमारतीभोवती बंब फिरायला 6 मीटर मोकळी पट्टी लागते, वळायला साधारण 9 मीटरची त्रिज्या, आणि गेटला कमान असेल तर खालून 5 मीटर उंची मोकळी हवी. शिडीवाला मोठा बंब जड असतो, म्हणून ही पट्टी 45 टनांपर्यंतचं वजन पेलेल अशी घट्ट बांधायची असते. पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या मोठ्या स्लॅबवर, बाग केली असेल आणि बंब पोडियमवर येणार असेल तर तो स्लॅबही त्याच हिशोबाने हवा.

आणि आपण या सहा मीटरमध्ये काय करतो? पाहुण्यांच्या गाड्या लावतो, गणपतीचा मांडव घालतो, शोभेचा कारंजा बसवतो, पाम लावतो. इमारतीभोवतीची ही सक्तीची मोकळी जागा पार्किंगसाठी वापरायची नाही असं संहिता स्पष्ट म्हणते. उघड्यावरची पार्किंगची जागा बिल्डर वेगळी विकू शकत नाही, असंही सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये पांचाली सोसायटीच्या खटल्यात सांगितलं. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे सोसायटीला दरवर्षी जानेवारी आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, तो "फॉर्म बी", द्यावा लागतो. पंप आणि होज चालू आहेत हे आपण दाखवतो, पण बंब त्यांच्यापर्यंत पोचेल का हे कुणी विचारत नाही. एका रविवारी आपल्या अग्निशमन केंद्राला विनंती करून बंब आत आणून बघा, मॉक ड्रिलसाठी ते येतात, आणि कुठल्या वळणावर अडकतो ते सगळ्यांना डोळ्यांनी दिसेल.

आत चालायचं कुठून

नव्या मोठ्या प्रकल्पांत आतला रस्ता गाड्यांना सहा मीटर मिळतो आणि चालणाऱ्याला मिळते रंगाने ओढलेली एक पांढरी रेघ, तीही पार्क केलेल्या स्कूटरींखाली जाते. यूडीसीपीआरमध्ये एका मोठ्या गाडीला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा ठरलेली आहे, दुचाकीला एक बाय दोन. गाडीला इतकी नेमकी जागा आखून मिळते तर माणसाला का नाही? गेटपासून प्रत्येक विंगच्या दारापर्यंत एक सलग पट्टा, रस्त्यापेक्षा थोडा उंच किंवा निदान वेगळ्या रंगाच्या फरशीचा, मध्ये कुठेही न तुटणारा, हे मूळ आराखड्यातच बसवलं तर खर्च फारसा वाढत नाही.

सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे बेसमेंटच्या रॅम्पचं तोंड. ड्रायव्हर अंधारातून एकदम उन्हात येतो, डोळे दिपतात, गाडीचं नाक वर असतं, आणि बॉनेटच्या पलीकडे तीन-चार वर्षांचं मूल असेल तर ते दिसतच नाही. म्हणून रॅम्प संपल्यावर रस्त्याला किंवा पायवाटेला भिडण्याआधी निदान एका गाडीच्या लांबीइतकी सपाट जागा ठेवावी, तोंडाजवळच्या भिंती गुडघ्याच्या वर बंद न ठेवता जाळीच्या कराव्यात, आणि मुलांची खेळायची जागा या तोंडासमोर अजिबात आणू नये. गोल आरसा लावणं चांगलंच, पण तो पावसात धुरकट होतो, त्याच्या भरवशावर राहू नये.

स्पीडब्रेकरचंही तसंच. इंडियन रोड्स काँग्रेसने सांगितलेला उंचवटा 3.7 मीटर लांब आणि 10 सेंटीमीटर उंच असतो, त्यावरून ताशी 25 किलोमीटरच्या आसपास गाडी न आदळता जाते. सोसायट्यांमध्ये लागतात ते जेमतेम फूटभर रुंदीचे काळे-पिवळे प्लास्टिकचे पट्टे, जे गाडीवाला दणका खाऊन पार करतो पण सायकलवरचं पोर आणि पाठीचं दुखणं असलेला रिक्षातला माणूस यांना खरा त्रास देतात. जिथे पायवाट रस्ता ओलांडते तिथे रस्ताच पायवाटेच्या पातळीला उचलून रुंद, चपटा उंचवटा करा. गाडी हळू होते आणि चालणाऱ्याला उतरावंही लागत नाही.

पेव्हर ब्लॉक खचतात तरी का

कमिटीच्या मीटिंगमध्ये हा विषय दर दोन वर्षांनी येतो. पेव्हर ब्लॉकचं भारतीय मानक आयएस 15658 आहे, आणि त्यात जाडी वापरावर ठरते: फक्त चालण्यासाठी 50 मिलिमीटर, हलक्या गाड्यांसाठी 60, मध्यम वर्दळीला 80, जड वाहनांना 100. टँकर आणि कचऱ्याची गाडी रोज येते तिथे 60 चे ब्लॉक बसवले की ते टिकत नाहीत, आणि कोटेशनमध्ये जाडी लिहिलेलीच नसते, फक्त "पेव्हर ब्लॉक, चौरस फुटाला इतके" असं असतं. जाडी आणि काँक्रीटचा ग्रेड लिहून घ्या.

पण जाडी बरोबर असली तरी दोन गोष्टी चुकतात. एक, खालची खडी नीट दाबलेली नसते, विशेषतः ज्या पट्ट्यात नंतर पाइपलाइनसाठी खणलेलं असतं तिथे. दुसरी, कडेला कर्ब स्टोन नसतो. पुस्तकांच्या रांगेला शेवटी टेकू नसला की शेवटचं पुस्तक कलंडतं आणि मग एकेक करत सगळी, ब्लॉकचंही अगदी तसंच होतं, कडेचा सरकला की फटी वाढतात, वाळू वाहून जाते, पाणी खाली मुरतं आणि चाकाच्या रेषेत खड्डा पडतो.

पाण्याबद्दल एक सांगतो. जुना रस्ता न खरवडता त्यावर काँक्रीटचा नवा थर टाकायची सवय लागली आहे. असे दोन-तीन थर झाले की आवार जोत्याच्या बरोबरीला येतं आणि पावसाचं पाणी लिफ्टच्या खड्ड्यात आणि तळमजल्याच्या घरात शिरतं. थर टाकण्याआधी जुना खरवडून काढायचा, उतार इमारतीपासून बाहेरच्या दिशेला ठेवायचा, आणि गटारावरच्या जाळीच्या फटी चालण्याच्या दिशेला आडव्या बसवायच्या, नाहीतर व्हीलचेअरचं पुढचं छोटं चाक आणि काठीचं टोक त्यात अडकतं. झाडाच्या बुंध्याला काँक्रीटने आवळू नका, भोवती मीटरभर माती मोकळी ठेवा.

"पण हे सगळं सरकारी इमारतींसाठी, आमची खासगी जागा आहे"

हा आक्षेप हमखास येतो आणि तो अर्धा खरा आहे. बंबाच्या वाटेचे, रस्त्याच्या आणि रॅम्पच्या रुंदीचे नियम खासगी इमारतींनाही बंधनकारक आहेत, कारण त्यावरच नकाशा मंजूर होतो आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळतं. अपंगांच्या सोयींच्या सक्तीच्या तरतुदी मात्र बऱ्याचशा सार्वजनिक वापराच्या इमारती डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या आहेत आणि घरांच्या बाबतीत त्या सैल पडतात. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रातुरी यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने अपंगांच्या हक्कांबाबतच्या 2017 च्या नियमांमधला एक नियम रद्द ठरवला, कारण त्यात सक्तीचं काय आणि नुसती शिफारस काय हेच वेगळं केलेलं नव्हतं, आणि सरकारला सक्तीचे किमान नियम करायला सांगितलं. माझं स्पष्ट मत आहे की घरांनाही ते लागले पाहिजेत. माणूस सरकारी कचेरीत वर्षातून दोनदा जातो, लॉबीच्या रॅम्पवरून रोज चार वेळा.

"बिल्डर आता फोनच उचलत नाही"

रेरा, म्हणजे फ्लॅट घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्याच्या, कलम 14 मध्ये दोन गोष्टी आहेत. मंजूर नकाशातल्या सामाईक जागांमध्ये बदल करायचा तर दोन तृतीयांश फ्लॅटधारकांची लेखी संमती लागते, म्हणजे पायवाट काढून तिथे पार्किंग वाढवणं बिल्डरच्या एकट्याच्या हातात नाही. आणि ताबा दिल्यापासून 5 वर्षांत बांधकामाच्या कामात, दर्जात दोष दिसला तर कळवल्यापासून 30 दिवसांत तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. खचलेले ब्लॉक, नकाशापेक्षा उभा रॅम्प, उलट्या उताराचं आवार या तक्रारी यात मांडता येतात. मंजूर नकाशाची प्रत, मोजमापाचे फोटो आणि तारखेसह लेखी पत्र एवढं जमवा, तोंडी भांडण्याने काही निघत नाही.

"जुनी सोसायटी आहे, पाच मीटरचा रॅम्प करायला जागाच नाही"

खरंय, बऱ्याच ठिकाणी नसते. तेव्हा रॅम्प सरळ न काढता मध्ये सपाट टप्पा ठेवून दुमडता येतो, म्हणजे अडीच-तीन मीटरच्या दोन ओळींत बसतो. तेही जमत नसेल तर दोन-तीन पायऱ्यांसाठी छोटी उभी प्लॅटफॉर्म लिफ्ट मिळते. आणि निदान पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा, कडेला ठळक पिवळी पट्टी आणि चांगला दिवा, एवढं तर कुठल्याही सोसायटीला दुरुस्ती फंडातून करता येतं.

तुमची इमारत पुनर्विकासाला निघाली असेल तर मात्र जागा नाही हे कुणी सांगितलं तर ऐकू नका, कारण सगळं अजून कागदावर आहे. कॉर्पसची रक्कम आणि वाढीव कार्पेट यावर सहा मीटिंगा होतात, त्यातली अर्धी मीटिंग या वाटेला द्या. आर्किटेक्टकडून फक्त रंगीत चित्र नको, गेटपासून लॉबीपर्यंतचा उभा छेद मागा, ज्यात प्रत्येक ठिकाणची पातळी आकड्यात लिहिलेली असते. त्यावर रॅम्पची उंची आणि लांबी बघून भागाकार करा, चढ तुम्हालाच कळेल. बंब कुठून शिरणार आणि कुठे वळणार ती रेघ नकाशावर काढून मागा. आणि फूटपाथची पातळी गेटसमोर सलग राहील हे विकास करारनाम्याच्या तांत्रिक जोडपत्रात लिहून घ्या, सह्या करायच्या आधी.